एक जूनच्या दोघी

अमेरिकेतल्या फ्रिस्कोच्या रस्त्यावर पायी चालणारं माणूस दोनच प्रकारचं असतं. एक कुत्रं फिरवायला निघालेलं, नाहीतर बाळंतपणाला आलेली कुणाची तरी आई. आई लगेच ओळखू येते. पायात लेकीचे बूट, अंगावर जावयाचं जाकीट आणि चेहऱ्यावर आपण कुठे येऊन पडलो हा भाव.

मीही लेकीच्या बाळंतपणालाच आले होते, पण जावयाचं जाकीट मी शेवटपर्यंत घातलं नाही. माझं नाव अहिल्या. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले आणि सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. ट्रंक कॉलच्या काळात सुब्रमण्यमपासून चट्टोपाध्यायपर्यंत सगळ्यांची नावं मी न अडखळता घेतली आहेत. पार्टीचं नाव आणि नंबर उलट म्हणून घेतल्याशिवाय एकही लाइन कधी जोडली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जो घोटाळा झाला तो नावं घ्यायला लाजणाऱ्या लोकांत झाला.

लेक नेत्रा, जावई ईशान. दोघंही कॉम्प्युटरवर काम करतात, म्हणजे दिवसभर घरात असून घरात नसतात. नेत्राला आठवा संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरच्यांनी करायचं, ही आपल्याकडची साधी रीत. पण ईशानने पुण्याहून स्वतःच्या आईलाही बोलावून घेतलं. "दोघी असल्या की हेल्प होईल, यार," असं त्याने नेत्राला सांगितलं. एका म्यानात दोन तलवारी घालून वर त्याला हेल्प म्हणणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

विहीणबाईंचं नाव नीलांबरी. बोलणं इतकं गोड की जवळ मुंग्या याव्यात. माझे डिंकाचे लाडू खाऊन म्हणाल्या, "छान झालेत हो अहिल्याताई. आमच्याकडे पुण्यात जरा कमी तुपाचे करतात." मी सांबारवडी, म्हणजे आमची कोथिंबिरीची वडी केली, तर म्हणाल्या, "तिखट आहे, पण वेगळी आहे." ते 'पण वेगळी आहे' मला अजून पचलेलं नाही.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी नेत्राने आम्हा दोघींना समोर बसवून नियम सांगितले. बाळाला काजळ नाही. गुटी नाही, मध तर मुळीच नाही. धुरी दिली तर छतावरचा अलार्म वाजेल आणि बंब येईल. पापा घ्यायचा नाही. प्रत्येक नियमाला मी नाक मुरडलं. हिला मी काजळ घालून, धुरी देऊन, वेखंड उगाळून वाढवली आणि ती आता मला शिकवत होती.

"आणि डांग्या खोकल्याची व्हॅक्सिन," नेत्रा म्हणाली. "बाळाला घ्यायच्या आधी दोन आठवडे झालेली पाहिजे. ती नसेल तर कुणीच हात लावायचा नाही, आई. तू पण नाही. डॉक्टर खूप स्ट्रिक्ट आहे."

या एका नियमाला मी काही बोलले नाही. मला संध्या नावाची धाकटी बहीण होती, दीड महिन्याची. शेजारची म्हातारी तिला रोज मांडीवर घ्यायला यायची आणि ती म्हातारी खोकायची. मग संध्या खोकायला लागली. खोकून खोकून ती निळी पडायची, आणि श्वास आत घेताना तिच्या गळ्यातून जो आवाज यायचा, तो मला म्हातारपणीही ऐकू येतो. मी तेव्हा पहिलीत होते. एवढंच आहे ते, आणि मी ते नेत्राला कधी सांगितलं नव्हतं.

"ती मी पुण्यातच घेऊन आलेय हो," विहीणबाई म्हणाल्या. "आमचे डॉक्टर फार फॉरवर्ड आहेत. फ्लूची तेवढी राहिली."

माझं नेमकं उलटं होतं. फ्लूची आमच्या गल्लीतल्या डॉक्टरने निघायच्या आधी टोचली होती, आणि डांग्या खोकल्याची त्याच्याकडे नव्हती. ईशान लगेच फोन घेऊन दोघींची अपॉइंटमेंट काढायला बसला. दवाखान्यात नाही, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात. इथे म्हणे लस तिथेच देतात.

"आई, तुझी डेट ऑफ बर्थ?" त्याने विहीणबाईंना विचारली, मग माझ्या पासपोर्टात पाहिलं आणि हसायलाच लागला. "दोघींचा बर्थडे सेम आहे. जून फर्स्ट, फिफ्टी-सेव्हन. यार, किती क्यूट."

क्यूट कसलं डोंबलाचं. आमच्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मला आहे. शाळेत नाव घालायला बाप जायचा, त्याला तारीख आठवायची नाही, आणि गुरुजी शाळा जूनमध्ये उघडते म्हणून एक जून ठोकून मोकळे व्हायचे. मी जन्मले ती मारबतीच्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी अख्खं नागपूर इडापिडा गावाबाहेर हाकलत असतं आणि त्याच दिवशी मी गावात आले. आई ते फार कौतुकाने सांगायची. सरकारदरबारी मात्र मी एक जूनचीच.

पण मला त्यात एक वेगळाच आनंद झाला. पुण्याच्या पेठेत जन्मलेल्या माणसाला स्वतःच्या जन्माची घटका-पळंसुद्धा पाठ असतात. त्याची तारीख एक जून कशाला असेल? मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नीलांबरीताई, तुमची शाळा कुठली?"

"भोरच्या पलीकडे एक गाव आहे," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यावर आले मी पुण्यात."

म्हणजे आमच्याकडे पुण्यात, आमच्याकडे पुण्यात, ते सगळं सासरचं भांडवल होतं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

शनिवारी ईशानने आम्हाला गाडीत घातलं. वाटेत तो म्हणाला, "जी पहिली व्हॅक्सिनेट होईल, तिला बेबी पहिलं मिळेल." त्याने गंमत केली होती. मागच्या सीटवर आम्ही दोघी बसलो होतो, आमच्यापैकी कुणी हसलं नाही.

दुकान पाहून मी कपाळावर हात मारून घेतला. बाहेरून औषधाचं दुकान, आत शिरलं तर बिअर, चिवड्याच्या पोत्याएवढ्या वेफर्सच्या पिशव्या, लिपस्टिक आणि त्यांचा तो भुताखेतांचा सण तोंडावर आला म्हणून दारातच प्लॅस्टिकचा एक हाडांचा सांगाडा. कुणी समोरून गेलं की तो दात विचकून हसायचा. आमच्याकडे मेडिकलवाला क्रोसिन देतानासुद्धा तोंड गंभीर ठेवतो. इथे सांगाड्याला ओलांडून, वेफर्सच्या गल्लीतून, म्हाताऱ्या माणसांच्या डायपरला वळसा घालून मागच्या भिंतीपाशी गेलं की लस.

खिडकीत निळ्या नखांची एक मुलगी होती. ईशान गाडी लावून फोनवर बोलत बाहेरच राहिला होता. विहीणबाई पुढे होत्या, त्यांनी पासपोर्ट दिला. मुलीने नाव पाहिलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग माझा पासपोर्ट पाहिला आणि तोंड उघडलंच नाही.

"तुमची नावं खूप ब्यूटिफुल आहेत, मला ती बिघडवायची नाहीत," असं काहीतरी ती इंग्रजीत म्हणाली. "मी तुम्हाला डेट ऑफ बर्थनेच बोलवीन, ओके?"

ही सभ्यता. तीन-चार अक्षरी नाव घ्यायचा आळस आणि वर त्यालाच ब्यूटिफुल म्हणायचं. माझ्या हाताखालच्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला आठवडाभर नुसती डिरेक्टरी वाचायला लावली असती. दोघींची तारीख एकच आहे हे तिला दिसत होतं की नाही, देव जाणे. मी ते तिला सांगायला हवं होतं. पण तिरस्कार आला की माझं तोंड बंद होतं, हा माझा जुना रोग आहे.

तीन खुर्च्या होत्या. एकीवर सर्दीने नाक पुसत एक इसम बसला होता, म्हणजे आजार न होण्याची सुई घ्यायला आलेल्यांनी आधी त्याच्या शेजारी बसून तो घ्यायचा, अशी सोय. थोडा वेळ बसून विहीणबाई उठल्या. "मी जरा ती भेटकार्डं बघून येते हो. नुसती बघते." आणि त्या गल्लीत दिसेनाशा झाल्या.

तेवढ्यात निळी नखं ओरडली, "जून फर्स्ट?"

आधी त्यांचा नंबर होता. मला ते पक्कं माहीत होतं. गल्लीच्या टोकाला त्यांची पाठ दिसत होती, हातात कसलंसं गुलाबी कार्ड होतं. मी हाक मारली असती तर त्या दोन पावलांत आल्या असत्या. मी हाक मारली नाही. बाळ पहिलं कुणाला, हे डोक्यात घेऊन मी उठले आणि पडद्याआड गेले.

आत स्टुलावर पांढऱ्या कोटातली मुलगी होती. चेहरा आपल्याकडचा, छातीवरच्या पट्टीवर नाव इला. "जून फर्स्ट, फिफ्टी-सेव्हन?" तिने विचारलं. मी येस म्हणाले. तिने दंड मोकळा करायला सांगितला आणि तिथे माझं सगळं चित्त अडकलं. माझ्या ब्लाउजची बाही कोपरापर्यंत आणि दंडाला घट्ट. खालून वर सरकेना, वरून खाली उतरेना. विहीणबाई अमेरिकेत पाय ठेवल्यापासून ढगळ कुडते घालत होत्या, मी साडी सोडली नव्हती, आणि त्या साडीचं मला आता घाम फुटेपर्यंत प्रायश्चित्त मिळत होतं. शेवटी दोन हूक काढून मी खांदा मोकळा केला. इला मध्येच काहीतरी विचारत होती. मी "येस, येस" म्हणत राहिले. शब्द कानावर पडला, डोक्यात शिरला नाही.

सुई कळलीही नाही. तिने दंडावर गोल चिकटपट्टी लावली, हातात एक छापील कागद दिला आणि पंधरा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर येऊन मी चष्मा लावला. कागदावर मोठ्या अक्षरात फ्लू लिहिलं होतं.

मी तो पुन्हा वाचला. तोवर परत "जून फर्स्ट?" झालं होतं आणि विहीणबाई भेटकार्डं ठेवून लगबगीने पडद्याआड जात होत्या. अजून वेळ होता. उठून दोन वाक्यं बोलायची होती. पण त्यातलं पहिलं वाक्य होतं, मी तुमच्या नंबरावर घुसले. ते वाक्य मी भोरच्या पलीकडच्या बाईसमोर बोलणार नव्हते. मी खुर्चीला खिळून बसले आणि माझी सुई त्यांच्या दंडात गेली.

"अय्या, काही कळलंच नाही हो," त्या दंड चोळत बाहेर आल्या. हातातला कागद न वाचताच पर्समध्ये कोंबला. त्यांची बाही अर्थातच एका झटक्यात वर गेली होती.

गाडीत ईशानने विचारलं, "मग? फर्स्ट कोण?"

"अहिल्याताई," विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

मला स्वतःची इतकी चीड त्याआधी कधी आली नव्हती. ज्या बाईने पस्तीस वर्षं नाव विचारल्याशिवाय लाइन जोडली नाही, तिने स्वतःच्या दंडात राँग नंबर जोडून घेतला होता. सरकारी हिशेबात माझी लस झाली होती. ईशानच्या फोनवर दोघींच्या नावापुढे हिरवी खूण आली होती. मी गप्प राहिले असते तर जगात कुणाला पत्ता लागला नसता. पण मला पत्ता होता, आणि संध्याचा तो आवाज होता.

सोमवारी दोघं मीटिंगमध्ये होती आणि विहीणबाई प्राणायामाला बसल्या होत्या. मी चपला घातल्या आणि निघाले. चालत. इथे ही गोष्ट वेडेपणात जमा होते. फूटपाथ आहे, स्वच्छ आहे, त्यावर माणूस मात्र नाही. बाजूने सहा पदरी रस्त्यावरून गाड्या सुसाट जात होत्या. तीन गाड्यांनी थांबून मी बरी आहे ना विचारलं. एकीने पोलिसांना बोलवू का म्हणून विचारलं. साडी नेसलेली बाई दिवसाढवळ्या दोन पायांवर चालते आहे, म्हणजे काहीतरी अनर्थ झाला असणार, अशी त्यांची समजूत. ज्या देशात पाय फक्त ब्रेक दाबायला लागतात, त्या देशाने माझी कीव करावी, याचं मला हसू आलं. दुकानाशी पोचले तेव्हा साडी अंगाला चिकटली होती आणि दारातला सांगाडा मला बघून हसला.

"डेट ऑफ बर्थ?" निळ्या नखांनी विचारलं.

"नो," मी म्हणाले. "नेम." आणि ट्रंक लाइनवर सांगायचे तसं एकेक अक्षर सांगितलं. ए फॉर आग्रा, एच फॉर हैदराबाद, आय फॉर इंदूर, एल फॉर लखनौ, वाय फॉर यवतमाळ, ए फॉर अकोला. तिने यवतमाळ आयुष्यात ऐकलं नव्हतं, ती घाबरली आणि आत जाऊन इलाला घेऊन आली.

मी इलाला सगळं सांगितलं. माझ्या इंग्रजीत सांगितलं आणि मी त्या बाईंच्या नंबरावर गेले, हेही सांगितलं. तिचं तोंड उतरलं. तिने कॉम्प्युटर पाहिला, परत पाहिला.

"मी नाव विचारायला पाहिजे होतं," ती म्हणाली. मग एकदम मोडक्या मराठीत, "काकू, तुम्ही दोघी ट्विन्स आहात?"

"देवाने तेवढं तरी टाळलं," मी म्हणाले. आणि तिला एक जूनची गोष्ट सांगितली.

ती ऐकत राहिली. "पण माझ्या आजीचा पण जून फर्स्ट," ती हळू आवाजात म्हणाली. "आम्ही एव्हरी इयर तिला केक नेतो. ती खूप स्माइल करते."

"हसेल नाहीतर काय करेल," मी म्हणाले. "फोन करून विचार तिला, खरी कधी जन्मली ते."

डॉक्टर झालेल्यासारखा पांढरा कोट घालून फिरते आणि आजी कधी जन्मली ते माहीत नाही. पण माझी लेक तरी मला कुठे विचारते. या वेळी मी ढगळ बाहीचा ब्लाउज घालून आले होते. इलाने बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरली, मी नाव वाचलं, मोठ्याने म्हणून दाखवलं, मगच दंड पुढे केला.

"आजपासून टू वीक्स, काकू," ती म्हणाली. "त्याच्या आधी बेबीला नाही घ्यायचं. आणि त्या दुसऱ्या आंटींना मला कॉल करायला लागेल. त्यांना पण राँग मिळालं ना."

"त्यांना नको सांगूस."

"सांगावंच लागतं. रूल आहे."

इथे सगळ्याला रूल आहे, नाव घ्यायलाच तेवढा नाही. मी तशीच चालत घरी आले.

त्या संध्याकाळी विहीणबाईंनी माझ्यासमोर चहा ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "आलं जास्त झालं का हो?" त्यांनी विचारलं. बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. फोन आला असणार हे मला दिसत होतं, कारण त्या एकट्याच ईशानबरोबर जाऊन फ्लूची सुई घेऊन आल्या होत्या, आणि त्याला म्हणाल्या होत्या की दुकानाचा काहीतरी घोळ झाला. घोळ कुणाचा, ते बोलल्या नाहीत. मला वाटलं, ही बाई मुरंबा घालून ठेवते आहे. योग्य वेळी बरणी उघडेल. मला त्यांचा त्या दिवसांत जितका राग आला, तितका आयुष्यात कुणाचा आला नसेल.

नेत्राची तारीख नोव्हेंबरअखेरची होती. बाळाला कसली घाई झाली, कोण जाणे. माझी सुई होऊन चार दिवस झाले नाहीत तोच नेत्राला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. जरा बारीक, पण चांगली खणखणीत. तिसऱ्या दिवशी ती घरी आली, पायाला पट्टी बांधलेली आणि तिच्यावर लिहिलेलं, बेबी गर्ल. तिथेही नाव नाहीच.

विहीणबाईंनी तिला पहिली घेतली. हक्काने घेतली, त्यांच्या अंगात दुहेरी लस होती. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभी होते.

"आई, ये ना," नेत्रा म्हणाली.

"मला जरा सर्दी वाटते," मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

मग मी स्वयंपाकघरातून बाहेरच आले नाही. अळिवाची खीर केली, शेपूची भाजी केली, बाजरीची भाकरी केली. बाळाचे कपडे धुतले, वाळवले, घड्या घातल्या, आणि घड्या घालताना एकदा एक झबलं नाकाशी धरलं, तेवढंच. बाळ रडलं की विहीणबाई उठायच्या. मी गॅसपाशी उभी राहून तो आवाज ऐकायचे, साधं रडणं आहे ना, श्वास नीट आत जातो आहे ना, एवढं ऐकायचे. माझे हात दुखायचे. काही न उचलता हात दुखतात, हे मला माहीत नव्हतं.

असे चार दिवस गेले. एका दुपारी मी नेत्राला खीर द्यायला गेले. वाटी दारातूनच तिपाईवर ठेवली आणि वळले.

"आई, थांब," ती म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "मुलगी झाली म्हणून का?"

"काय?"

"तू तिला एकदा पण घेतलं नाहीस. तिच्याकडे नीट बघत पण नाहीस. सर्दी कुठे आहे तुला? मुलगा असता तर घेतलं असतंस ना?"

हे मला. नेत्रा झाल्यावर माझ्या सासूने पेढ्यांच्या ऐवजी बर्फी वाटली, तेव्हा मी तिला सगळ्या पाहुण्यांसमोर ऐकवलं होतं. एका मुलीवर थांबले आणि कुणाला उत्तर दिलं नाही. आणि माझी मुलगी मला हे विचारत होती, दारात विहीणबाई बाळाला खांद्यावर घेऊन उभ्या असताना.

मग मात्र मी नाक वगैरे काही सांभाळलं नाही. "माझी सुई झाली नव्हती," मी म्हणाले. "मी यांच्या नंबरावर घुसले, म्हणून त्यांची मला टोचली आणि माझी त्यांना. नंतर जाऊन घेतली, पण तिला दोन आठवडे झाले नाहीत अजून. मला लाज वाटली सांगायची." आणि मग संध्याचंही सांगितलं. त्या म्हातारीचं सांगितलं. ती प्रेमानेच घ्यायची, हे सांगितलं. माझं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, पण घरच्यांसमोर मी रडले ती त्या दुपारी पहिल्यांदा.

नेत्रा उठून मला धरायला येत होती, मी तिला हातानेच लांब राहायला सांगितलं. बाळाला पाजणारी तीच होती.

"मला त्या इलाचा फोन आला होता," दारातून विहीणबाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले. "मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"तुम्ही हिला घेतलं असतंत, तर त्याच क्षणी बोलले असते. सगळ्यांसमोर," त्या म्हणाल्या. आवाज तसाच गोड होता. "मी रोज लक्ष ठेवून होते तुमच्यावर. नाही घेतलंत तुम्ही. मग मी काय बोलायचं?"

मला निरुत्तर करणारी माणसं आवडत नाहीत, आणि ही तर पुण्याची. नव्हे, भोरची.

उरलेले दिवस मी हॉलमध्ये खुर्ची टाकून लांबून बाळ बघत काढले. विहीणबाई तिला अंघोळ घालून, माझ्या दिशेला तोंड करून मांडीवर ठेवायच्या. मी त्यांच्या तेल लावण्यात चुका काढायचे. त्या "हो का," म्हणून तशाच लावायच्या.

दोन आठवडे पुरे झाले त्या सकाळी मी केस धुतले, स्वच्छ साडी नेसले आणि दोन वेळा साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. बाहेर आले तर विहीणबाई बाळाला दुपट्यात गुंडाळून हॉलच्या मधोमध उभ्या होत्या. नेत्रा सोफ्यावर होती. ईशान मीटिंग सोडून आला होता.

विहीणबाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि त्या निळ्या नखांच्या मुलीच्या सुरात म्हणाल्या, "जून फर्स्ट?"

मी जागची हलले नाही. "नाव घेऊन बोलवा," मी म्हणाले. "एक जूनच्या इथे दोघी आहेत."

"अहिल्याताई," त्या म्हणाल्या. "या. घ्या."

मी घेतलं. फार हलकी होती, आणि अंगाला अजून तेलाचा वास होता, जरा कमीच लावलेल्या तेलाचा. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि जांभई दिली. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्यावर पडू नये म्हणून मी मान वर केली, तर समोर सगळे माझ्याकडे बघत उभे होते. काहीतरी बोलणं भाग होतं.

"बाकी सगळं आमचं आहे," मी म्हणाले. "नाक तेवढं भोरचं."